काळूरामची मोटर उत्तम होती!

अहो, पण मोटर उत्तम होती! हे कोणी ऐकूनच घेत नाही, तीच तर कटकट आहे. सबंध पनवेलभर बोभाटा काय, तर कमळाकरने दुरुस्त केलेली मोटर भर खाडीत बंद पडली. पडली नव्हती! मी बंद केली. पडणं वेगळं, करणं वेगळं. शिंप्यांची मशिनं, शेतावरचे पंप, सायकली, एकदा तर देवळातलं घड्याळसुद्धा... टपाल नाक्यावरच्या माझ्या दुकानातून एक वस्तू रडत परत गेली असेल तर आणून दाखवा!

मोटर कोणाची, तर खाडीपलीकडच्या न्हावा गावच्या काळूराम कोळ्याची. होडीच्या मागे अडकवतात ना, वर डोकं, खाली लांब दांडा, टोकाला पंखा, ती. कुठल्याशा गोऱ्या साहेबाची. साहेब सत्तेचाळीस साली बोटीत बसून गेला विलायतेला, मोटर राहिली मुंबईत, ती फिरत फिरत आली काळूरामकडे. वय झालेलं, पण लोखंड काय, वा! आता तिचं असं असतं, की ती खाडीचंच पाणी खालून ओढते, नळीतून वर आणते, स्वतःच्या अंगातून फिरवते, म्हणजे तापत नाही, आणि मग एका बारीक भोकातून बाहेर धार सोडते. धार दिसली की समजायचं, प्रकृती ठीक. या धारेला कोळ्यांचा एक शब्द आहे. काळूराम तो शब्द घेऊनच दुकानात आला, आणि दुकानात कोण, तर मामलेदारांच्या पत्नी, शिलाई मशीन न्यायला आलेल्या! हा दारातूनच ओरडतो, "शेट, आमची मशीन मुतत नाय!"

बाई मशीन न घेताच गेल्या.

असो. मोटर उघडली. आत पाणी ओढायला रबराचं एक चाक असतं, त्याला सहा पाती. ते पार झिजलेलं. मुंबईहून नवं आणवलं, बसवलं, मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात उभी करून चालवली, आणि काय सांगू, धार अशी उडाली की समोरच्या हजामाने आरसा पुसला. काळूराम खूश, मी खूश, मोटर घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी, बुधवारची गोष्ट, सकाळी दहाच्या सुमाराला काळूराम पुन्हा दारात. बरोबर त्याचा चुलतभाऊ महादेव. महादेवाच्या तोंडावर रक्त नाही. त्याची बायको वेणू पहाटेपासून अडलेली, पहिलटकरीण, मूल पायाकडून येतंय म्हणून गावातल्या सुईणीने हात टेकलेले. भरतीबरोबर होडी हाणत दोघं पनवेल बंदराला आले होते, कृष्णाबाईंना न्यायला. कृष्णाबाई म्हणजे आमच्या नर्सबाई. माझ्या दोन्ही पोरांची नाळ त्यांनीच कापलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज जरा खाली असतो. काळूराम म्हणाला, "शेट, धार बारीक झाली हाय. तुमी पन चला." मी म्हटलं, चल! पाने, पकडी, तार पिशवीत टाकली आणि निघालो. मागे हटणारा माणूसच नाही मी.

बंदरावर होडीत कृष्णाबाई, त्यांची ती मोठी काळी बॅग, आम्ही तिघं. बाईंना पाय पसरायला जागा होईना, आणि आडवी पडलेली ही लांबलचक वल्ही. मी म्हटलं, काळूराम, वल्ही ठेव काठावर. मोटर असताना वल्ही कशाला? तो म्हणाला, "असूं दे ना शेट, खाडीचा काय भरवसा?" मी म्हटलं, अरे, मी बरोबर आहे ना! ठेवली त्याने. आता यात माझं काय चुकलं? मोटर उत्तम होती!

निघालो. अर्धा तास झकास. मी बाईंना मोटरीची माहिती देतोय, बाई ऐकत नाहीयेत, महादेव पुढे बसून एकसारखा न्हाव्याच्या दिशेला बघतोय. आणि काळूराम नाक वर करून म्हणतो, "शेट, कायतरी जळतंय."

बघतो तर धार बंद! थेंब नाही. डोकं तापून तव्यासारखं झालेलं. आणखी दोन मिनिटं चालवली असती तर आतला दट्ट्या जागच्या जागी चिकटला असता, मोटर गेली कायमची. मी ताबडतोब बंद केली. ऐकलंत? मी! केली!

आणि मग ती शांतता हो... ओहोटी लागलेली. दोन्ही बाजूंनी चिखल वर यायला लागलेला, होडी आपली तिरकी तिरकी त्या चिखलाकडे चाललेली. एकदा रुतली की पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, तिथेच. उतरून चालावं तर कमरेपर्यंत गाळ. वल्ही बंदरावर. काळूरामने होडी बांधायचा बांबू गाळात रोवून ती कशीबशी पाण्यात धरली. मग मागे वळून बंदराकडे, वल्ह्यांच्या दिशेला बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं!

महादेव वळला, आणि अगदी हळू विचारलं, "शेट, होईल ना?" मी म्हटलं, होईल म्हणजे काय? पाच मिनिटांत!

मोटर तिरपी करून पंखा वर घेतला. पाणी ओढायच्या जाळीत गाळ आणि सुतळी, ती काढली. धारेच्या भोकात तार घातली. तार दोन बोटं जाते आणि मऊ काहीतरी लागतं. जोर केला, की ते आणखी आत. आता कृष्णाबाईंनी पदर खोचला.

"काय होतंय तिला?"

मी म्हटलं, पाणी बाहेर पडत नाही.

"कधीपासून?"

"सकाळपासून बारीक, आता बंद."

"अंग तापलंय?"

"भयंकर."

"मग आत अडकलंय काहीतरी. आणि तू ते आणखी आत ढकलतोयस! कमळाकर, उलटं पाणी सोड."

मी म्हटलं, बाई, हे मशीन आहे, बाळंतीण नाही! आणि सोडणार कशाने? तोंडाने? तर बाईंनी बॅग उघडली, आणि काढली काय... एनिमाची पिचकारी! मधे रबरी फुगा, एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला ते टोक. म्हणाल्या, "उकळलेली आहे, घाण करू नकोस."

आता तुम्हीच सांगा, बारा वर्षांचं दुकान, देवळातलं घड्याळ, आणि माझ्या हातात ही वस्तू! पण विचार बरोबर होता हो. खालची नळी जिथे वर डोक्याला जोडतात तिथला नट मी सोडला. म्हणजे धारेच्या भोकातून पाणी सोडलं की घाण त्या तोंडातून बाहेर. मी लगेच पिचकारी भरायला घेतली आणि थांबलो. तापलेल्या लोखंडात गार पाणी गेलं तर ते तडकतं, मग सगळंच संपलं. बाईंना सांगितलं, थोडं निवू द्यावं लागेल. त्या म्हणाल्या, "किती?" मी म्हटलं, दहा मिनिटं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, महादेवाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "दहा. अकरा नाही."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढी लांब दहा मिनिटं मी बघितली नाहीत. चिखलावर चिंबोऱ्या फिरतायत. काळूरामचे दंड बांबूवर थरथरतायत. महादेव म्हणतो, "वेणूनं मना सांगितलंय, बाईंना घेऊनच ये." एवढंच, पण दोनदा म्हणाला.

दहाव्या मिनिटाला टोक भोकात घातलं आणि फुगा दाबला. पहिल्यांदा काळं पाणी. मग मिठाच्या खपल्या, ह्या एवढाल्या! मग काही नाही. बाई म्हणाल्या, "थांबू नकोस, दाब." दाबला, दाबला, अंगठे दुखायला लागले, आणि फट्ट! नळीच्या तोंडातून काळी पट्टी उडाली आणि बाईंच्या मांडीवर पडली. बघायला वेळ कोणाला? नट आवळला, पंखा पुन्हा पाण्यात सोडला, दोरी ओढली एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोटर सुरू, आणि धार... अहो, धार! काळूराम नाचायचाच बाकी राहिला. "मुतली! बाई, मुतली!" आणि कृष्णाबाई, एरवी इतक्या सोवळ्या, त्याही म्हणाल्या, "मुतली बाबा एकदाची!"

मग सबंध वाटेत बाईंनी ती पट्टी बोटांत फिरवत ठेवली होती. रबराची होती.

"काय रे हे?"

मी म्हटलं, जुन्या चाकाचं पातं असावं. तुटून आत गेलेलं.

"जुनं चाक कोणी काढलं?"

"मी."

"त्याला पाती किती होती?"

मी म्हटलं, असतात सहा. "असतात नको. होती किती?" आता झिजलेल्या चाकाची पाती कोण मोजतं हो? तरीही, मोटर उत्तम होती!

न्हाव्याला टेकलो तर किनाऱ्यावर बाया वाटच बघत होत्या. बाई चिखलातून घोट्यापर्यंत साडी वर धरून पळाल्या, बॅग महादेवाच्या डोक्यावर. मी आणि काळूराम महादेवाच्या झोपडीबाहेर बसलो. आतून वेणूचं ओरडणं, मग नाही, मग पुन्हा. मी माझी बोटं बघत होतो. मनात एकच, एक पातं, कमळाकर, एक पातं मोजायचं होतंस. आणि मग एकदम बारीक, चिडका, खणखणीत आवाज आला. मुलगी! महादेव बाहेर आला आणि माझ्या गळ्यात पडून असा रडला की मलाही... खारं वारं डोळ्यांना लागतं तिथलं.

बाई हात पुसत आल्या. म्हणाल्या, "दोघी बऱ्या आहेत. आणखी उशीर झाला असता तर मला दोघींपैकी एकीचं सांगता आलं नसतं." मी मान खाली घातली. तर म्हणाल्या, "पण निवू दिलंस, ते शहाणपण केलंस." बस्, एवढंच. पातं कोणाचं, ते त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. मीच सांगतोय तुम्हाला, म्हणजे बघा.

तेव्हापासून चाक काढलं की मी पाती मोजतो, तुटलेली सापडेपर्यंत मोटर पुन्हा जोडत नाही, माझ्याइतकं हे काम खाडीच्या दोन्ही काठांवर कोणाला येत नाही, छातीवर हात ठेवून सांगतो! आणि परवा न्हाव्याहून एक माणूस दुकानात आला, घाईघाईने म्हणतो, "शेट, काशिरामच्या होडीची मशीन तुंबली." मी लगेच पिशवी उचलली, पाने टाकले, तार टाकली, चप्पल घातली. तर म्हणतो, "तुमी बसा शेट. नर्सबाईंचं घर कुठं हाय, तेवढं दाखवा."

दाखवलं. काय करणार?