छप्पर गळत नव्हतं

हॅलो?… हो, मीच. कोण, नफिसा? शिळफाट्याहून?… अगं, अंबूबाईंनी कुंपणावरून हाक मारली तशी आले धावत, हात अजून पिठाचेच आहेत… नाही, हे शाळेत गेलेत. बोल ना.

…कौलं? कसली कौलं?… आमच्या घरासाठी? आज?… नको गं. टेंपोत चढवली असली तरी उतरवायला सांग खलीलभाईंना… अगं ऐक ना…

संकोच नाही, नफिसा. हो, हो, यांनीच सांगितलं तुझ्या नवऱ्याला, की कौल फुटलं, पाणी गळलं आणि टेबलावर मांडलेली मातीच्या शिपायांची लढाई भिजली… हो.

छप्पर गळत नाही आमचं.

…एक थेंबसुद्धा नाही. थांब, जरा हळू बोलते, अंबूबाई पलीकडेच तांदूळ निवडतायत… पाणी मी टाकलं.

…तांब्या कलंडला नाही गं. कलंडला असता तर बरं होतं… सांगते. रविवारी हे नि खलीलभाई धरून चौघं खेळून उठले तेव्हा उंबरखिंडीची लढाई अर्धीच झाली होती. खानाची माणसं पट्टीने मोजत मोजत खिंडीच्या तोंडाशी आणलेली. पुढच्या रविवारी पुरी करू, तोवर टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असं यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी माझा श्रावणी सोमवार. पूजेआधी पाण्यात गोमूत्र घातलं आणि… शिंपडलं. टेबलावर.

…नाही. दर सोमवारी नाही.

…खलीलभाई येऊन गेले की.

…चार वर्षं. पहिल्या डावापासून.

…यांना नव्हतं ठाऊक. एरवी टेबल रिकामं असायचं, फडक्याने पुसून घ्यायचे मी. या वेळी सैन्य मांडलेलं होतं. माती कच्ची आहे हे डोक्यातच आलं नाही. आधी तुळशीच्या डहाळीने शिंपडलं. मन भरेना, मग ओंजळीने… पूजा आटोपून येते तर घोडे पाय दुमडून बसलेले, माणसांचे चेहरे ओघळलेले. तू जरीच्या काठांची निशाणं शिवली होतीस ना, ती सगळी चिखलात…

…माहीत आहे गं. सहा महिने खपले खलीलभाई. बोटाएवढा एकेक शिपाई, आणि प्रत्येकाला मिशी वेगळी… यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि मग तुमच्यापुढे कौलाचं नाव घेतलं. माझ्यासाठी खोटं बोलले.

…नको, नफिसा, असं नको म्हणूस. व्रताच्या माथी नको मारूस. पोथीत कुठेही नाही लिहिलेलं. रोज वाचते मी. ते माझ्याच मनातलं… रडत नाहीये. मला कसला हक्क रडायचा.

…हं? विचार ना.

…कधी? गौरी बघायला आलीस तेव्हा?

…

हो गं. तेव्हाही.

…तू एस्टीत बसायच्या आत.

नफिसा?… हॅलो?… हॅलो?…

नाही अंबूबाई, लाइन नाही गेली. तिनेच ठेवला.