नवी सून आणि भट्टीतली ती

...आणि लोणी कोमटच हवं म्हणे, गार लोण्यानं तिचं अंग आखडतं. तुम्हाला सांगते, लग्न होऊन वर्षही झालं नाही, माझ्या पाठीखाली गादी आहे की फळी हे ज्या माणसानं एकदाही विचारलं नाही, तो माणूस ख्रिसमसच्या सकाळी लोण्याचं वाडगं पोटाशी धरून बसला होता. कुणासाठी? बीफच्या एका तुकड्यासाठी. मला हेवा वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे ख्रिसमसला बरगड्यांसकट अख्खा रोस्ट असतो, आणि तो ओव्हनमध्ये करणाऱ्याला आमचं गाव माणसात धरत नाही. मागच्या अंगणात लोखंडी भट्टी, तिच्यात पिकन या अक्रोडासारख्या झाडाचं लाकूड, आणि धुरावर सावकाश, अगदी सावकाश. इतकी वर्षं हे सासरे करायचे. यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि भट्टी आमच्या कोल्बीकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे आली. झालं, माणूस हातचा गेला. आदल्या दिवशीच तिला, म्हणजे त्या रोस्टला, मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडी ठेवली, वरून कोरडी पडायला हवी ना, आणि कप्पा पुरेना म्हणून बाहेर काय काढलं? माझा पाय. पिकनचे दाणे घातलेला गोड पाय, माझ्या आईच्या पद्धतीचा, सासरी पहिल्यांदाच केला होता. "पडवीत गारच आहे की," कोल्बी म्हणाला. गार होतं, खरंय. रकून नावाचं चोरटं जनावरही होतं. सकाळी ताटलीत फक्त पंजे उमटलेले.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते, मी गप्पच बसते. पण आईनं लग्नात दिलेली रोझमेरीची कुंडी... तिला पार बोडकी केली. लसूण, थाईम आणि माझी रोझमेरी, सगळं बारीक चिरून लोण्यात कालवलं आणि बसला चोळत. कडेकडेनं, बरगड्यांच्या खाचांतून, डोळे अर्धे मिटून. मी दारात उभी. म्हटलं, "माझीही मान धरलीय कालपासून." तर न वळता म्हणतो, "हात लोण्याचे आहेत गं." मला हेवा वाटत नाही. हात लोण्याचे होते, एवढंच.

आता माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. रोस्टचं एक टोक असतं, करपून काळं, खरपूस, सगळं लोणी आणि धूर प्यायलेलं. आमच्या घरात ते टोक भट्टीवाला आपल्या हातानं एकाच माणसाला वाढतो, आणि सगळं टेबल बघत असतं. दुसरं टोक कापताना भट्टीवाल्याच्याच तोंडात जातं, ते कुणी धरत नाही. सासरे दरवर्षी सासूबाईंना वाढायचे. यंदा भट्टीवाला बदललेला. व्हर्नामावशी, म्हणजे सासूबाईंची बहीण, परवाच माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघू हं यंदा, आई की बायको." आणि असं म्हणून वर बिस्किट मागितलं.

तर मी हिरवा ड्रेस घालून, केस कुरळे करून, पुढच्या खोलीत सोफ्यावर. नव्या सुनेचा पहिला ख्रिसमस, लोक बघायला येणार. आले की. गाडी थांबली, दार वाजलं ते गाडीचं, घराचं नाही, पावलं खिडकीखालून गेली ती थेट मागे. दुसरी गाडी, तेच. खिडकीतून मला नुसत्या टोप्या जाताना दिसायच्या. आणि मागून ऐकू यायचं, "व्वा पोरा, काय रंग धरलाय हिनं. बायको कुठाय रे?" "आत आहे." "बरं बरं. उचल जरा झाकण."

आता झाकण उचललं की ऊब गेली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण वडीलधाऱ्याला नाही कोण म्हणणार? कोल्बीचं आपलं "येस सर", आणि झाकण वर. भट्टीवरचा तापमानाचा काटा जरा चढला की पुढचा काका हजर. दुपार कलली, बटाटे सुकले, पोरं ब्रेडवर तुटून पडली आणि भट्टीतली बाईसाहेब आतून कच्चीच. कोल्बीचा चेहरा असा, की आता रडतो. सासूबाई स्वयंपाकघरातून एकदा भट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून पुन्हा भांडी पुसायला लागल्या.

मी घडीची खुर्ची उचलली, भट्टीसमोर टाकली आणि बसले. हिरव्या ड्रेससकट.

पहिला आला ड्वेनकाका. "बाळ, जरा सरक."

"नाही, काका."

"अगं एकदाच बघतो."

"आधी मला बघा. मी कुठल्या गावची?"

काका टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "...अमारिलो?"

"सॅन अँजेलो. माझं नाव?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण तो माणूस लग्नात माझ्याबरोबर नाचला होता. शेवटी बिचारा समोर उकिडवा बसला आणि नाव विचारून घेतलं. तो गेला, दुसरा आला. झाकण कुणालाच मिळालं नाही. मी मिळाले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या खानदानाला माझं नाव मॅरिबेल, माझी आई शाळेची बस चालवते, मला पोहता येत नाही, सगळं पाठ. आणि मागे काटा चढत होता, माझ्या केसांत धूर भरत होता, कोल्बी अधूनमधून येऊन विचारत होता, "बरी आहे ना?" मी "हो" म्हणायची. चौथ्यांदा लक्षात आलं, विचारतोय तिच्याबद्दल.

टेबलावर आली तेव्हा, खरं सांगते, देखणी होती. कोल्बीनं टोक कापलं, काट्यावर धरलं. व्हर्नामावशीचा घास हातातच. काटा सासूबाईंच्या ताटावरून पुढे सरकला आणि... माझ्या ताटात. टाळ्या पडल्या. मला भरूनच आलं, आणि तेवढ्यात कोल्बी उभा राहून म्हणाला, "हिच्यामुळे मांस वाचलं. असा राखणदार मिळायला नशीब लागतं."

राखणदार.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे बटाटे वाढत होत्या. हळूच म्हणाल्या, "मग तुला काय वाटलं, इतकी वर्षं मला कशाबद्दल मिळत होतं? खा, गार होईल."

खाल्लं. चांगलं होतं हो, तेच तर दुःख आहे. आता ईस्टरला भट्टीत हॅम, म्हणजे डुकराची मांडी, यायचीय. कोल्बी म्हणतो, ती हिच्याहून नाजूक असते, मधात घोळवावी लागते. मला हेवा वाटत नाही. मी फक्त खुर्चीला उशी शिवून घेतलीय.