शिव्यांची पीएचडी

औरंगाबादच्या एसटीनं भाचा येणार होता. वाटूर फाट्यावर दोन जावा, द्वारकाबाई अन् झुंबरबाई, त्याची वाट बघत बसल्या होत्या. थोरली द्वारकाबाई खुशीत होती.

"विद्यापीठात एक जण बोंडअळीवर डॉक्टर होऊन राह्यला, एक जण निजामाच्या नाण्यांवर. अन् आपला भुजंग माझ्या शिव्यांवर."

"मंग त्याच्या पुस्तकात माझं नाव काहून न्हाई, आक्का?"

"शिव्या मी दिल्या."

"खाल्ल्या कोणी? मी उलट बोलले नसते, तर तुम्ही पहिल्या शिवीलाच थांबल्या असत्या."

"हे मात्र बराबर. सांगते त्याला, तुझंबी नाव टाक म्हणून."

"पहिलं टाकायचं."

"पहिलं? अगं ए फुटक्या रांजणाच्या..."

"थांबा, आक्का. ही नवीन हाय. भुजंगला उतरू द्या, मंग पुरी द्या."