पानं हिरवी असताना

नेडीन : बाबा, तुम्ही मला शब्द दिला होतात. यंदा बांधाचं दार लावायचं नाही म्हणून. चर्चच्या पायरीवर, चार लोकांसमोर.

डेल्मर : दिला होता. वसंतात. तेव्हा तुझा काका घोड्यासारखा धडधाकट होता.

नेडीन : वेंडलकाकाचा आणि दाराचा काय संबंध?

डेल्मर : सगळा. त्याला या रानात बदकं उतरताना बघायचीत. शेवटची. नाताळ बघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून आज फळ्या बसवणार, ओढा अडवणार आणि रानात पाणी भरणार. झालं समाधान? आता गाडी घे बाजूला, मला फळ्या उतरवायच्यात.

नेडीन : नाही घेत. आधी इकडे या. या ओकच्या बुडाशी बघा, कसं फुगलंय.

डेल्मर : म्हातारपणी सगळ्यांचंच बूड फुगतं.

नेडीन : चेष्टा नको. साल उकललीय. शेंडा बघा, अर्धा वाळलाय. आणि हे एकच झाड नाही, बांधापासून पार त्या वळणापर्यंत हीच गत आहे.

डेल्मर : तू जंगलखात्यात लागलीस आणि झाडं आजारी पडली. त्याआधी बरी होती बिचारी.

नेडीन : आजोबा पाणी कधी भरायचे, आठवतं ना? थंडी पडली, पानं गळली, झाडं झोपली की मग. झोपलेल्या झाडाला मुळाशी पाणी चालतं. जागं असलं की गुदमरतं. वर बघा, अजून पानं हिरवीगार आहेत.

डेल्मर : आणि शेजारचा पर्किन्स आधी पाणी भरून मोकळा झाला, की सगळी बदकं त्याच्या रानात. मी काय करायचं होतं? इथं कोरड्यात उभं राहून त्याच्या बंदुकीचे बार ऐकत बसायचं?

नेडीन : तो आठवडाभर आधी, मग तुम्ही त्याच्या आधी, मग तो तुमच्या आधी. करता करता दोघं हिरव्या पानांवर येऊन ठेपलात. पर्किन्सचं रान बघितलंत ना आता? नुसते खुंट उभे आहेत. कासवं तेवढी ऊन खात बसतात.

डेल्मर : आपल्याकडे खाली रोपं आलीत की. ती बघ, गुडघाभर. रान मरत असतं तर आली असती?

नेडीन : ती या आपल्या लाल ओकची नाहीत, बाबा. टोपीच्या ओकची आहेत. त्याला बुडून राहायची सवय, म्हणून तोच उरलाय. त्याचं फळ एवढं मोठं, वर टोपी. बदकाच्या घशातून उतरेल का ते? लाल ओकचं बारीक फळ गेलं की बदकं येऊन खाणार काय, तुमचा बांध?

डेल्मर : आवाज चढवू नकोस.

नेडीन : चढणारच. काही हिवाळे रान कोरडं ठेवलं तर निम्मी झाडं तरी वाचतील. आणखी एकदा असं जागेपणी बुडवलं तर काही उरणार नाही. निदान पानं गळेपर्यंत थांबा. तेवढं तरी.

डेल्मर : मी थांबेन. वेंडल थांबेल का? त्यालाच विचार. तो बघ, आलाच.

(ट्रक बांधावर येऊन थांबतो. वेंडलला खाली उतरायला बराच वेळ लागतो.)

वेंडल : भांडा, भांडा. माझ्यासाठी थांबू नका. मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. मला वाटलं, शिकारीचा हंगाम सुरू झाला.

नेडीन : काका, एवढ्या गार वाऱ्यात कशाला आलास? मर्लीनकाकूला ठाऊक आहे?

वेंडल : तिच्या हिशेबी मी झोपलोय. उशांवर पांघरूण घालून आलोय. तिला चष्म्याशिवाय काय कळतंय?

डेल्मर : बस इथं, फळीवर. दम लागलाय तुला.

वेंडल : मला कपडे घालतानाही दम लागतो. तू नको सांगूस. हं, पोरी, बोल. माझ्यामुळे चाललंय ना हे?

नेडीन : काका, मी सरळ विचारते.

वेंडल : विचार. हल्ली सगळे आडूनआडून विचारतात. वैताग आलाय.

नेडीन : आत्ता पाणी भरलं तर हे रान मरेल. माहीत आहे तुला?

वेंडल : माहीत आहे. मागच्या हंगामात बोटीत बसलो होतो, वाऱ्याचं नाव नाही, आणि शेजारी मांडीएवढी फांदी कोसळली. डेल्मर म्हणाला, खार असेल. एवढी मोठी खार मी काही पाहिली नाही.

नेडीन : मग बाबांना सांग ना. तू नको म्हणालास तर ते नाही लावणार दार. तुझ्याच पायी चाललंय त्यांचं हे.

वेंडल : तुला वाटलं, मी म्हणेन, जाऊ दे, माझं काय राहिलंय, झाडं जगू देत. असंच ना?

नेडीन : हो. तसंच वाटलं होतं.

वेंडल : नाही म्हणणार. मला बदकं हवीत, नेडीन. उजाडताना, गुडघाभर पाण्यात, झाडाला पाठ टेकून. ती हिरव्या डोक्याची वरून फांद्यांमधून उतरतात ना, पंख आवळून, अशी एकामागून एक... बंदूकही नको मला. नुसतं बघायचंय.

नेडीन : तुझ्या भाताच्या खाचरात जाऊ या. तिथं आत्ताही पाणी आहे. मी घेऊन जाते, रोज घेऊन जाते.

वेंडल : खाचरात वर नुसतं आभाळ असतं गं. मला या झाडांत बघायचीत. जन्मभर मी समजूतदारपणा केला. बापानं रान डेल्मरला दिलं, मी काही बोललो नाही. पोरबाळ झालं नाही, मर्लीनची समजूत मीच काढली. आता कंटाळा आला शहाणपणाचा. या एका गोष्टीत मला हावरटपणा करू दे.

डेल्मर : ऐकलंस?

नेडीन : तुम्ही गप्प बसा हो, बाबा! काका, मी दुसऱ्यांच्या रानात जाऊन त्यांना दारं उघडायला लावते. लोक शिव्या देतात, कुत्री सोडतात अंगावर. आणि मी कुठल्या झाडांपायी या कामात पडले? याच. तूच मला खांद्यावर घेऊन इथं उभा राहायचास.

वेंडल : म्हणून तर तुझ्या तोंडावर मागतोय. हा तुझ्या पाठीमागं उरकायला निघाला होता. ते मला आवडलं नाही.

डेल्मर : तुझ्यासाठीच करत होतो, मूर्खा.

नेडीन : आज नवे ओक लावले तरी त्यांच्याखाली बदकं चरायला माझं म्हातारपण उजाडेल.

वेंडल : उजाडू दे. तुला येईल तरी.

डेल्मर : वेंडल, बास. गाडीत जाऊन बस. नेडीन, तू घरी जा, हे बघू नकोस. लावतो मी. सरक, ही फळी घेऊ दे... च्यायला! जात का नाही ही खाचेत?

नेडीन : तिरकी धरलीत.

डेल्मर : जाते गं. जरा जोर लावला की...

नेडीन : कंबर मोडेल, सोडा ती. सोडा म्हणते ना! अशी बसवलीत तर खालून पाणी निसटत राहील. झाडांच्या मुळाशी चिखल होईल नुसता. रानही जाईल आणि बदकंही यायची नाहीत. द्या इकडे.

डेल्मर : तू लावणार?

नेडीन : दुसरं टोक धरा. हळू. आता सोडा.

वेंडल : नेडीन... रागावलीस माझ्यावर?

नेडीन : हो. फार.

वेंडल : रागाव. हक्क आहे तुझा.

डेल्मर : शेवटची बसली. बघ, तुंबायला लागलं.

वेंडल : झाडांत गुडघाभर व्हायला किती दिवस लागतील गं?

नेडीन : वरच्या अंगाला पाऊस झाला तर लवकर. नाहीतर नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उजाडेल. तोवर नीट जेवत जा, काका.