आईचं लाल रीळ

नाही, तुम्हीच सांगा, नुसतं फुंकलं तरी तुटतो त्याला दोरा म्हणायचं? पण आईचा हुकूम! तीस वर्षं माहेरी चोपड्याला पेटीत जपलेलं लाल रीळ तिनं धाडलं आणि फोनवर म्हणाली, "प्रमिला, दिपालीनं लगीननं बलाऊज ह्याच दोरानं शिव. मी ईसन देखसू!" देखसू म्हणजे कसं? चष्मा लावून, उलटं करून! आणि आम्ही राहतो कुठे? सुरतेत! जिथं वाऱ्यावरसुद्धा धागा उडतो!

मशीनला लावला... कट्! पुन्हा लावला... कट्! आमची नवरी, दिपाली, म्हणे, "मम्मी, मोबाईलमध्ये सांगतात, फ्रीजमध्ये ठेव, ओल धरतो!" ठेवलं दिवसभर, कोथिंबिरीशेजारी. काय झालं? आधी गरम तुटायचा, आता गार तुटायला लागला!

मग उठले आमचे हे! लोटूराव! पंचवीस वर्षं इथल्या भेस्तानला लूमवर कापड विणतायत. "तुले काय समजस? ताणाना धागा तुटाले नको म्हणीसन खळ लावतस. यालेबी लाव!" साबुदाण्याची खळ शिजवली, रीळ बुडवलं, गच्चीत वाळवलं... तुम्हाला सांगते, दोरा असा ताठ झाला की त्यानं कान कोरावा! सुईच मोडली! तर हे म्हणतात, "सुईच कच्ची व्हती!" कोण म्हणतं? सुरतेत राहणारा माणूस!

शेवटी हरले मी. बाजारातून नवा दोरा आणला. पण मन खात होतं हो... एवढा मायेनं जपलेला! म्हणून आधी खळ धुऊन आईच्या दोऱ्यानं हातानं कच्चा टाका घातला, तेवढं तो बिचारा सोसतो, आणि वरून नव्यानं मशीन मारली. कच्चा टाका काढलाच नाही. आई विचारेल तेव्हा खोटं नको बोलायला!

आई आली. पाणीसुद्धा प्यायली नाही, बलाऊज उलटं केलं. "हाऊ मनाच दोरा शे ना व?" म्हटलं, "हो आई, तुझाच!" तिनं चिमटीत धरून ओढला... कट्! तुकडा हातात! तिनं शिवण पाहिली, नवा दोरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं... आणि पोट धरून हसली हो! "लबाड शे तू!" गळ्यातच पडले तिच्या.

तर तिनं पिशवीत हात घातला. आणखी सहा रिळं! त्याच पेटीतली! "दिपालीना लेकरूले झबलं शिवजो."

आता काय सांगू... आम्ही राहतो सुरतेत, आणि मी कोथिंबीर सरकवून फ्रीजमध्ये जागा करतेय!