हुशार आहे हो पोरगी, होईल तिचं!

नाही, मला एक सांगा, 'होईल' म्हणजे काय हो? आपोआप होतं का काही? आपोआप फक्त दूध नासतं! पण ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिन्यात भेटले. 'काय म्हणते मुलगी?' म्हटलं, परराज्यातल्या कॉलेजात अर्ज केलाय, बाहेरच्यांना जागा अगदी मोजक्या, जिकडची तिकडची पहिली आलेली पोरं तिथंच धडका मारतायत, आता हिला कितपत चान्स... तोवर डॉक्टर वर पोचलेसुद्धा! वरूनच आवाज, 'हुशार आहे हो पोरगी, होईल तिचं!' मेव्हण्याला फोन केला. 'दाजी, हुशार आहे हो पोरगी, होईल तिचं!' खट्‌. ठेवला.

अहो, हुशार आहे हे मला माहीत नाही का? माझ्याच घरात राहते! तिची आई गेल्यापासून घरात माणसं दोनच. ती आणि मी. त्यातलं एक जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता माझा... तो ऐकायला कुणी थांबेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारखिडकीवर बसतो. म्हणजे माणसं परत पाठवणं हाच माझा धंदा. 'साहेब बाहेर गेलेत.' 'झेरॉक्स जोडली नाही.' 'तुमचा भाग आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या इमारतीत विचारा.' पलीकडच्या इमारतीत दाताचा दवाखाना आहे! तर पोरगी लेखी परीक्षेत पास झाली, राहिली मुलाखत. म्हणाली, 'बाबा, माझी तालीम तुम्हीच घ्या. तोंडावर नाही म्हणणं तुमच्याइतकं कुणाला जमत नाही.' हे कौतुक की अपमान, मला अजून कळलेलं नाही.

आणि मी घेतली की! जीव ओतून घेतली. जेवणं झाली की ताटं बाजूला, चष्मा नाकावर... 'काय हो बाई, तुमच्या राज्यातली कॉलेजं काय वाहून गेली?' पहिल्या दिवशी रडकुंडीला आली. आणि मला... काय सांगू, बरं वाटलं हो! म्हटलं, आता म्हणेल, राहू दे बाबा, इथलंच कॉलेज बरं, बसनं जाईन, संध्याकाळी घरी. कसलं काय! दुसऱ्या दिवशी उत्तर तयार. 'सर, कॉलेजं आहेत, पण नदीच्या गाळाचा अभ्यास तुमच्यासारखा कुठंच होत नाही.' मी म्हटलं, 'मग आमची मुलं सोडून तुम्हाला का घेऊ?' तर म्हणते, 'गाळाला राज्याची हद्द कळत नाही, सर!' मी बसलो होतो पाडायला आणि ही माझ्यावरच धार लावून घेत होती!

मुलाखत कॉम्प्युटरवर. नेटवर्क फक्त स्वयंपाकघरात. मला हुकूम, 'बाबा, दिसायचं नाही, खोकायचं नाही.' मी फ्रीज आणि भिंतीच्या फटीत उभा, पाठ भाजतेय. पलीकडे पाच प्राध्यापक आणि काय मऊ माणसं हो! 'घाबरू नका, पाणी प्या आधी' म्हणे! आमच्या खिडकीवर असली माणसं एक दिवस टिकायची नाहीत. पोरगी धडाधड उत्तरं देतेय. आणि मग त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाई सहज म्हणाल्या, 'घरी कोण कोण असतं?'

'बाबा.'

'आणखी?'

'बाबाच.'

'मग तुम्ही इकडे आलात की त्यांचं कसं?'

अहो, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. जगातलं सगळं विचारलं, हा नाही विचारला. 'मी नाही जात' म्हणाली असती तर मला आनंद झाला असता, आणि त्या आनंदाचीच भीती वाटत होती मला. पलीकडे पाच जण थांबलेले. पोरगी नख कुरतडतेय. तोंड उघडते, मिटते... आणि मी ओरडलो, 'मजेत राहीन मी!'

फ्रीजमागून!

पाचही प्राध्यापक दचकले. 'कोण आहे?' पोरीनं कपाळाला हात लावला. 'बाबा आहेत, मॅडम.' बाई म्हणाल्या, 'समोर या की.' गेलो, बनियनवर! 'काय करणार तुम्ही एकटे?' म्हटलं, पुष्कळ आहे करण्यासारखं! वाचीन, फिरीन, आणि... पोहायला शिकीन! पोहणं कुठून आलं डोक्यात, देव जाणे. मी बादलीत पाय घालतानाही विचार करतो!

मिळाली जागा. डॉक्टर जिन्यात, 'म्हटलं नव्हतं? हुशार आहे हो पोरगी, झालं तिचं!' म्हटलं, 'झालं. आणि माझं?' डॉक्टर वर पोचलेसुद्धा.

आता तुम्हाला सांगतो, घरी जावंसं वाटत नाही. परवा खिडकीवर एक म्हातारी आली. तिला खुर्ची दिली, तिच्या नळाची अथपासून इतिपर्यंत कहाणी ऐकली, काम जागच्या जागी करून दिलं. निघाली तर म्हटलं, 'आजी, आणखी काही तक्रार?' घाबरून पळाली बिचारी!

आणि पोरगी फोनवर पहिला प्रश्न काय विचारते? 'बाबा, पोहणं कुठवर आलं?' तिथं वर्गात त्या मुलाखतीतल्या बाईही विचारतात म्हणे! मग काय करता? रोज सकाळी पोहण्याच्या तलावात उथळ टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात, कठडा धरून उभा असतो. दात वाजतात, ओळखीचं चिटपाखरू नाही... पण पाच प्राध्यापकांसमोर सांगून बसलोय ना, मजेत राहीन म्हणून!