आवाजाचं शेपूट

डिंभ्याच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर भांड्यांचे दुकानदार मांगीलालशेठ आणि त्यांची नात चेतना बसली होती. शेठांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली वाटी होती.

"तर तुझ्या लॅबमधलं ते न्यूट्रॉन दिसतं कसं?"

"दिसत नाही, दादाजी. एका खास पदार्थावर आदळलं की त्यात बारीकसा उजेड चमकतो. गॅमा किरणानंही चमकतो. पण न्यूट्रॉनचा उजेड विझायला जरा जास्त वेळ लागतो."

"म्हणजे काशासारखं. पितळ वाजलं की लगेच गप, कासं घुमत राहतं."

"अगदी तसंच. तो पदार्थ साधं प्लास्टिक असेल तर दोन्ही उजेड सारखेच विझतात, फरक कळतच नाही. द्रवात कळतो, पण तो पेट घेतो. स्फटिकात सगळ्यात स्वच्छ कळतो."

"मग स्फटिकच घ्या की."

"हाताच्या उबेनंसुद्धा तडकतो तो."

"चांगला कान असाच नाजूक असतो, बेटा."

"दादाजी, ही वाटी बदलून द्यायला चाललोय त्या ठकूबाईंनी तळपाय चोळायला काशाची मागितली होती. तुम्ही पितळेची कशी दिली?"

"वाजवूनच दिली. पण आता मला नुसतं ठण् ऐकू येतं. मागचं शेपूट येत नाय."

"घरी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? प्लास्टिक झालो म्हणून?"

फाट्यावर बस थांबली. मागे फडकं सुटलं आणि वाटीवर टिचकी वाजली.

"ही तरी काशाची हाय ना? संपला का आवाज?"

"नाही, दादाजी. अजून आहे."

"आता?"

"अजून आहे."